क्वांटम मेकॅनिक्समधली समांतर विश्वं खरंच असतात का?

गणितात त्यांना जागा आहे, प्रत्यक्ष पुरावा मात्र आजवर नाही.

एक अर्धपारदर्शक आरसा घ्या आणि त्यावर एकच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, सोडा. आरशाच्या पलीकडे एक डिटेक्टर, परावर्तनाच्या वाटेवर दुसरा. क्वांटम अवस्था कशी बदलते ते सांगणाऱ्या श्रोडिंगरच्या समीकरणानुसार फोटॉनच्या अवस्थेत दोन्ही वाटा असतात, पण वाजतो तो एकच डिटेक्टर. मग दुसरी शक्यता गेली कुठे? ठरलेलं उत्तर असं की मोजमाप होताच वेव्ह फंक्शन, म्हणजे सगळ्या शक्यता सांगणारं त्या अवस्थेचं गणिती वर्णन, कोसळतं आणि एकच शक्यता उरते. गंमत म्हणजे हे कोसळणं समीकरणात कुठेच नाही, ते वरून लावलेलं ठिगळ आहे.

प्रिन्स्टनमध्ये पीएचडी करणाऱ्या ह्यू एव्हरेटने १९५७ साली ते ठिगळच काढून टाकलं. त्याचं म्हणणं, तेच समीकरण डिटेक्टरला आणि बघणाऱ्यालाही लावा. तसं केलं की दोन्ही निकाल टिकतात: एका शाखेत पहिला डिटेक्टर वाजलेला पाहणारे तुम्ही, दुसऱ्या शाखेत दुसरा. या शाखा म्हणजेच समांतर विश्वं. हवेचे रेणू, प्रकाश, आसपासचं सगळंच त्यात इतकं गुंततं की शाखांचा एकमेकींवर परिणाम जवळपास उरतच नाही. याला डिकोहेरन्स म्हणतात. त्यामुळे तिकडे जाणं, तिथल्या स्वतःला भेटणं वगैरे विसरा.

या कल्पनेत विश्वं फार झाली, ही नेहमीची तक्रार मला तितकीशी पटत नाही. खरा पेच संभाव्यतेचा आहे. आरसा ७०:३० असा, म्हणजे एका वाटेची शक्यता ७० टक्के आणि दुसरीची ३० टक्के असा असला तरी दोन्ही शाखा घडणारच, मग '७० टक्के शक्यता' म्हणजे नेमकं काय? यावर बरेच युक्तिवाद झालेत, सर्वांना पटलेला एकही नाही.