रिग्रेशन: शब्द एक, अर्थ दोन

‘रिग्रेशन’ हा शब्द मानसशास्त्रात आणि संख्याशास्त्रात वेगवेगळ्या अर्थाने भेटतो, त्यामुळे गोंधळलात तर यात तुमची चूक नाही. फ्रॉइडच्या मानसशास्त्रात रिग्रेशन म्हणजे ताण आला की आधीच्या वयाच्या वागण्याकडे परत जाणं. धाकटं भावंड आल्यावर पाच वर्षांचं मूल पुन्हा अंगठा चोखू लागतं, तसं. हा अर्थ एवढाच.

संख्याशास्त्रातला अर्थ निसटता आहे. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ साली पालक आणि मुलांच्या उंचीची तुलना मांडली. फार उंच पालकांची मुलंही उंच, पण सरासरीकडे थोडी झुकलेली. या झुकण्याला त्याने रिग्रेशन म्हटलं. एका चलावरून (म्हणजे उंचीसारख्या बदलत्या मोजमापावरून) दुसऱ्याचा अंदाज बांधायच्या पद्धतीलाही पुढे हेच नाव चिकटलं (नावाचा कामाशी फारसा संबंध उरला नाही, ते सोडा).

आता पंचाईत अशी, की हा दुसरा, सरासरीकडे झुकण्याचा अर्थ मानसशास्त्राच्या शोधनिबंधांतही सर्रास येतो. नैराश्याच्या चाचणीत सर्वांत वाईट गुण आलेल्यांनाच निवडून उपचार दिले, तर पुढच्या चाचणीत त्यांचे गुण एकंदरीत सरासरीकडे सरकतात. उपचार निरुपयोगी असले तरीही, कारण पहिल्या गुणांत त्या दिवसाच्या योगायोगाचाही वाटा होता. सुरुवातीला मी ही सगळी सुधारणा बिनदिक्कत उपचारांच्या खात्यावर टाकायचो. म्हणून असा निबंध हाती आला, की आधी नियंत्रित गट (म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला, ते उपचार न मिळालेला गट) होता का ते शोधा.