ड्रेजर बोलवायच्या आधी

बंदराच्या मुखाशी वाळू भरली की लगेच ड्रेजर, म्हणजे तळाची वाळू उपसणारं जहाज, लावू नकोस. आधी वादळी हंगामापूर्वी आणि नंतर, त्याच ठरलेल्या रेषांवर खोली मोज. एका मोजणीवर मी एकदा विसंबलो होतो; उपसलेला खड्डा दोन भरत्यांत पुन्हा भरला!

लाटा तिरक्या येतात, त्यामुळे वाळू किनाऱ्यालगत सरकत राहते. ब्रेकवॉटरच्या, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधाच्या, एका अंगाला ढीग, दुसऱ्या अंगाला धूप. उपसलेली वाळू खोल समुद्रात टाकलीस तर किनारा तेवढ्याला मुकला. ती धुपणाऱ्या बाजूला दे. ऑस्ट्रेलियात ट्वीड नदीच्या मुखाशी २००१ पासून पंपाने हेच चालतं.

आणि मूठभर माल बोटांत चोळून बघ. काळा, चिकट, वास मारणारा असेल तर तो गाळ. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय किनाऱ्यावर पसरू नकोस.