म्युस्लीच्या पाकिटावरची साखर

प्रश्न : म्युस्लीच्या (ओट्स, सुकामेव्याचा नाश्ता) पाकिटावर घटकांच्या यादीत साखर चौथी आहे. म्हणजे ती कमीच असणार ना?

उत्तर : तसं धरून चालू नका. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. साखर, ग्लुकोज सिरप, मध, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट अशी गोडी चार नावांत विभागली की प्रत्येक नाव खाली सरकतं. चौघांची बेरीज पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावरही जाऊ शकते. मध आहे म्हणून सूट देऊ नका. जागतिक आरोग्य संघटना त्यालाही मुक्त साखरेतच (बाहेरून घातलेली, शिवाय मध, सिरप आणि फळांच्या रसातली साखर) धरते.

मग पोषणमूल्यांचा तक्ता पाहा, आणि आधी १०० ग्रॅमचाच रकाना. सर्व्हिंग (एका वेळचं प्रमाण) बरेचदा ३० ग्रॅमचं छापलेलं असतं, वाडग्यात मात्र सहज ६० ग्रॅम पडतात. १०० ग्रॅमला २२ ग्रॅम साखर असेल तर त्या वाडग्यात १३ ग्रॅम, म्हणजे तीन चमच्यांहून जास्त (एक चमचा साधारण ४ ग्रॅम). २००० कॅलरींच्या आहारात मुक्त साखरेची दिवसाची कमाल मर्यादा ५० ग्रॅम आहे. २५ च्या आत राहिलेलं उत्तम.

सोबतचं दही फळांच्या स्वादाचं असेल तर तेही मोजा. १०० ग्रॅम साध्या दह्यात दुधाचीच ४-५ ग्रॅम साखर असते. त्यावरची बहुतेक बाहेरून आलेली.