थेंबांवर किती भरवसा ठेवायचा?

पवई, मुंबई

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

पीएचडीला पीआयव्हीवर (पार्टिकल इमेज व्हेलॉसिमेट्री, म्हणजे कणांच्या फोटोंवरून प्रवाहाचा वेग काढायची पद्धत) काम करायचं म्हणतेस, आनंद वाटला. तो हिरवा लेसर व्हिडिओत देखणा दिसतो, हेही कबूल. पण पिटो नळी नि हॉट-वायर ही वेग मोजायची उपकरणं प्रवाहात घुसून तो बिघडवतात, प्रकाश काहीच बिघडवत नाही, म्हणून पीआयव्हीचे आकडे निर्विवाद, असं तू लिहिलंस ते मला पटलेलं नाही.

पीआयव्हीत हवेचा वेग मोजलाच जात नाही. आपण हवेत तेलाचे बारीक थेंब सोडतो, लेसरच्या उजेडात पाठोपाठ दोन फोटो काढतो आणि तेवढ्यात थेंब किती सरकले ते बघतो. म्हणजे वेग थेंबांचा. ते हवेबरोबर इमानाने चालले का, हे आधी तपासायचं. १ मायक्रॉन व्यासाच्या थेंबाला हवेच्या बदललेल्या वेगाशी जुळवून घ्यायला साधारण ३ मायक्रोसेकंद लागतात. लोकलच्या वेगाने वाहणाऱ्या हवेत ही दिरंगाई कुणाच्या खिजगणतीत नसते. पण सेकंदाला ५०० मीटरने येणारी हवा शॉक वेव्हशी (हवेचा दाब नि घनता एकदम वाढते त्या पातळ थराशी) गाठ पडताच मायक्रॉनच्या मापाच्या अंतरात मंदावते, आणि थेंब मात्र आपल्याच तंद्रीत मिलिमीटरभर पुढे जातो. चित्रात शॉक जाडजूड उमटतो. मग कोणीतरी त्या जाडीवर प्रबंधाचं एक पान खर्च करतं! व्यास दुप्पट झाला की ही दिरंगाई चौपट होते, तेव्हा थेंब बनवणाऱ्या जनरेटरच्या माहितीपत्रकावर न विसंबता थेंबांचा आकार स्वतः तपास.

कॅमेऱ्याचीही खोड असते. थेंबाची प्रतिमा दोन पिक्सेलपेक्षा लहान पडली, तर विस्थापनं (थेंब सरकल्याची अंतरं) पूर्ण पिक्सेलच्या आकड्यांकडे ओढली जातात. हिस्टोग्राम काढलास की लगेच दिसेल.

म्हणून सांगतो, आधी श्लीरेन, म्हणजे हवेतले घनतेचे फरक डोळ्यांना दाखवणारी पद्धत, शीक. जर्मन शास्त्रज्ञ टोपलरने १८६४ मध्ये रूढ केलेली ही. माख आणि साल्शर यांनी १८८७ मध्ये सुसाट गोळीपुढच्या शॉकचा फोटो प्रसिद्ध केला तो हिच्याच जोरावर. इथे थेंब लागत नाहीत. हवेची घनता जिथे बदलते तिथे प्रकाश किंचित वळतो, बस. वेग कळत नाही, पण शॉक खरोखर कुठे आहे ते कळतं, आणि त्याच्याशी पीआयव्हीचं चित्र ताडून पाहता येतं. घरीही जमेल: दुर्बिणीचा ६ इंची, एफ/८ (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट) आरसा, बारीक छिद्रामागे एलईडी, वळलेला प्रकाश छाटायला दाढीचं पातं आणि मोबाईल. पातं आरशापासून सुमारे २.४ मीटरवर येतं. आपल्याकडच्या खोल्यांत तिरकं मांडावं लागेल. पंखा बंद ठेवावा लागतो, तेव्हा घरच्यांची बोलणी खायची तयारी ठेव. तळहातावरून वर जाणारी ऊब दिसली की मला फोटो पाठव.

आणखी एक, पावसाळ्याचं. माख २ च्या, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या, वातबोगद्यात खोलीच्या तापमानाची हवा प्रसरण पावून उणे १०० अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. जुलैतली मुंबईची दमट हवा तशीच आत सोडली तर नॉझलमध्येच बाष्प गोठून धुकं होतं आणि तेही लेसरमध्ये थेंबांसारखं चमकतं. ड्रायरचा दवबिंदू (हवा किती कोरडी झाली ते सांगणारं तापमान) लिहिल्याशिवाय त्या दिवसाची नोंद पुरी समजू नकोस.

सोमवारी प्रयोगशाळेत ये. घड्याळ, अंगठ्या, बांगड्या घरी ठेव, लेसर त्यांवरून परावर्तित होतो. त्या हिरव्या लेसरसाठीचा, ५३२ नॅनोमीटरचा संरक्षक चष्मा मी देईन.

तुझा,
सर