रिकामा डबा परत कसा करू?

“मॅडम, तिचे उपकार मी फेडू कशी?” हे वाक्य समुपदेशनाच्या खोलीत मी महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकते. आजारपणात मैत्रीण धावून आलेली असते, किंवा अडचणीत मित्रानं मुलाची फी भरलेली असते. ख्रिस्ती घरांतून येणाऱ्यांना आणखी एक बोच असते. घेण्यापेक्षा देण्यात धन्यता जास्त, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. मग घेणारा तो कमीच, असा अर्थ आपला आपणच लावलेला.

नगरच्या एका बाई आल्या होत्या. त्यांना मार्थाबाई म्हणू. तपशीलही बदलले आहेत. निवृत्त शिक्षिका, नवरा लवकर गेलेला, दोन मुलं एकटीनं वाढवलेली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिला मंडळातल्या जुन्या मैत्रिणीनं सहा आठवडे दोन्ही वेळचा डबा आणला, अंघोळही घातली. मार्थाबाई हिंडूफिरू लागल्या आणि त्यांनी तिचे फोन घेणं बंद केलं. उपासनेला मागच्या बाकावर बसायचं, शेवटचं गीत संपायच्या आत बाहेर पडायचं.

“भांडण झालं?”

“छे हो! तिचा एक डबा राहिलाय माझ्याकडे. रिकामा कसा देणार?”

“मग भरून द्या.”

“काय भरू? आठ महिने तोच विचार करतेय.”

मी विवेकनिष्ठ उपचाराच्या वळणाची, म्हणजे मनातले हट्टी विचार तपासून बदलायला शिकवणारी. ही पद्धत घडवणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस स्वतः नास्तिक होते, पण चर्चमधल्या पाळकसाहेबांच्या मंडळीतल्या माणसांनाही त्यांची वाट चालते, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. त्या वाटेवर मला एक सवय लागली: समोरच्याच्या बोलण्यातला ‘च’ ऐकायचा. “फेडलंच पाहिजे.” पहिल्या भेटीत तो मी सात वेळा मोजला. आणि घाई केली. म्हणाले, “मैत्रिणीच्या प्रीतीला तुम्ही वाण्याची उधारी समजताय.” बाई रागावल्या, पुढच्या भेटीला आल्याच नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात आल्या तेव्हा मी बायबलमधल्या प्रेषित पौलाची गोष्ट काढली. तंबू शिवून पोट भरणारा. कोणावर भार नको म्हणून रात्रंदिवस राबल्याचं स्वतःच लिहिणारा.

“आमच्यातलाच की,” बाई हसल्या.

हाच पौल तुरुंगात असताना फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीनं एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती मदत पाठवली. एपफ्रदीत बिचारा आजारी पडून मरता मरता वाचला. पौलानं ती मदत घेतली. मी मार्थाबाईंना बायबलमधलं, पौलानं त्या मंडळीला लिहिलेलं फिलिप्पैकरांस पत्र उघडायला सांगितलं. सुरुवातीलाच आहे: तुमची आठवण होते तेव्हा तेव्हा मी देवाचे आभार मानतो. मार्थाबाईंचं बोट त्या ओळीवर थांबलं. मग त्यांनी चौथ्या अध्यायापर्यंत पानं चाळली, पुन्हा मागे आल्या.

“ह्यानं परत काहीच नाही पाठवलं?”

“हे पत्र पाठवलं.”

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही, आणि ते मला जमलं याचं आजही बरं वाटतं. मग त्या हळूच म्हणाल्या, “अंघोळीचं पाणी ती आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघायची. रोज.”

“हे तिला सांगितलंत कधी?”

नव्हतं सांगितलं.

तुम्हीही असे अडकला असाल, तर आधी हेच करा. “तू खूप केलंस” या वाक्यानं दोघंही अवघडतात. मनगटावरचं पाणी सांगा. साडी, पाकीट, मिठाईचा पुडा नंतर न्या, किंवा नेऊच नका. हिशेब चुकता करायला गेलात की मैत्रीण तुमची सावकार होते, आणि तिनं ते कधीच मागितलेलं नसतं. प्रार्थनेत तिचं नाव घेता ना? मग तिच्यासमोरही घ्या. अवघड वाटेल. वाटू दे.

मार्थाबाई गेल्या. डबा रिकामाच नेला, आणि दारातच पाण्याची गोष्ट सांगून टाकली. मैत्रिणीनं डोळे पुसले, डबा उलटापालटा केला आणि कडाडली, “सासूबाईंचं नाव घातलेलं झाकण कुठाय?”

ते अजून सापडलेलं नाही. दर शनिवारी मार्थाबाईंच्या स्वयंपाकघरात दोघी मिळून शोधतात म्हणे.