चोकची केबल गरम का होते?

प्रश्न : माझ्याकडे १९६५ सालची एमजीबी ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी आहे. अक्कलकोट रस्त्यावर आमचे यंत्रमाग असल्यामुळे ती फक्त रविवारी बाहेर निघते. गेल्या दिवाळीत तिचे खालपासून वरपर्यंत रंगकाम करून घेतले. मार्चपासून मात्र एक त्रास सुरू झाला आहे. सकाळी सेल्फ जरा रेंगाळत का होईना, पण उचलतो. तुळजापूरहून परतताना वाटेत थांबलो आणि पुन्हा चावी फिरवली, की ‘कट’ असा एकच आवाज येतो आणि इंजिन हलत नाही. हेडलाइट मात्र फारसे मंद होत नाहीत. दोन्ही बॅटऱ्या नव्या घातल्या, आमच्या मागांच्या मोटारी भरणाऱ्या कारागिराकडून स्टार्टर भरून घेतला, तरी फरक नाही. एकदा चोक ओढून पाहिला, तर त्याची केबल चांगलीच गरम लागली; उन्हाने तापली असावी. गॅरेजमधले म्हणतात की या गाडीचे पॉझिटिव्ह अर्थिंग (बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असणे) हाच मूळ दोष आहे, ते उलटे करून घ्या. काय करावे?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : चोकच्या केबलबद्दल आपण जाता जाता जे वाक्य लिहिले आहे, त्यातच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. सोलापूरच्या उन्हाला आपण नाहक दोष दिला आहे. चोकच्या केबलमधून वीज वाहण्याचे काहीच कारण नसते. ती तापते याचा अर्थ स्टार्टरचा प्रवाह तिच्या वाटेने परत जात आहे.

असे का होते, ते पाहू. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्स आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या विणलेल्या तारेची एक जाड पट्टी लावलेली असते. स्टार्टरचे अर्थिंग इंजिनच्या धातूतून आणि पुढे या पट्टीतून होते. ही पट्टी तुटली, गंजली किंवा तिच्या बोल्टखाली रंगाचा थर बसला, की प्रवाह मिळेल त्या धातूतून वाट काढतो. ती वाट म्हणजे बहुधा चोकची आणि ॲक्सिलरेटरची केबल. स्टार्टर दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो आणि ती लोखंडी केबल एवढ्या प्रवाहासाठी केलेलीच नसते.

दिवाळीतले रंगकाम मला म्हणूनच संशयास्पद वाटते. रंगारी मनापासून रंग देतो आणि अर्थिंगचा उघडा धातू त्याच्या लेखी रंगवायची राहून गेलेली जागा असते.

आता हेडलाइटकडे पाहा. या गाडीत आसनांच्या मागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि तिथून एक लांब केबल पुढे सोलेनॉइडपर्यंत, म्हणजे चावी फिरवताच स्टार्टरचा प्रवाह जोडणाऱ्या स्विचपर्यंत, येते. हेडलाइटची वीज त्याच केबलने येते आणि त्यांचे अर्थिंग थेट बॉडीला असते. बॅटऱ्या, त्यांची टर्मिनले, लांब केबल किंवा बॅटरीचे बॉडीवरचे अर्थिंग यांपैकी काहीही कच्चे असते, तर चावी फिरवताच हेडलाइट मरगळले असते. ते मरगळत नाहीत, म्हणजे तिथपर्यंत सारे ठीक आहे. सोलेनॉइड स्टार्टरपासून वेगळा, बॉडीवरच बसवलेला आहे, त्यामुळे इंजिनचे अर्थिंग नसले तरी तो ‘कट’ वाजतो. आणि केबल तापते, म्हणजे सोलेनॉइडमधून व स्टार्टरमधून प्रवाह गेलेलाही आहे. राहिली ती इंजिनपासून बॉडीपर्यंतची वाट. नव्या बॅटऱ्यांचा आणि स्टार्टर भरण्याचा खर्च टळला असता, असे म्हणावे लागते.

तरीही माझ्या तर्कावर विसंबू नका, मोजून पाहा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावा आणि स्विचकडून इग्निशन कॉइलला येणारी पांढरी वायर काढून ठेवा, म्हणजे चाचणीत इंजिन चालू होणार नाही. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर घेऊन एक टोक इंजिनच्या खरवडून स्वच्छ केलेल्या धातूवर आणि दुसरे बॉडीच्या उघड्या धातूवर धरा आणि मदतनिसाला चावी फिरवायला सांगा. काटा किंवा आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या आत राहायला हवा. दोन-तीन व्होल्ट दिसले, तर तेवढे व्होल्ट स्टार्टरला मिळतच नाहीत. दोनशे अँपिअरच्या प्रवाहात ओहमच्या एक शतांश एवढा रोधही दोन व्होल्ट खातो. म्हणून साधा टेस्ट लॅम्प लावून ‘अर्थिंग येतंय’ असे ठरवणे इथे निरुपयोगी आहे. लॅम्प अर्ध्या अँपिअरवरही पेटतो.

याहूनही सोपी खात्री म्हणजे जंप केबल. तिचा एक चिमटा इंजिनच्या धातूला आणि दुसरा बॉडीच्या उघड्या धातूला लावा. सेल्फ जोरात फिरला, तर निदान पक्के झाले. मात्र ही खात्री होईपर्यंत चावी पुन्हा पुन्हा फिरवू नका. तापलेली चोकची केबल थेट कार्ब्युरेटरपाशी संपते आणि तिथे पेट्रोल असते.

दुरुस्ती साधी आहे. पट्टी काढा, तिच्या तारा तुटलेल्या किंवा हिरव्या पडलेल्या असतील तर नवी घ्या, दोन्ही टोकांखालचा रंग पॉलिश पेपरने धातू चकाकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट करा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. रंग द्यायचाच असेल, तर तो बोल्ट आवळल्यानंतर द्या. तापलेल्या केबलांचे आवरण आतून जळालेले असू शकते. चोक अडखळत असेल, तर तीही बदला.

थंड असताना गाडी का चालू होते, हे आपण विचारलेले नाही, पण मनात आले असेल. स्टार्टरमधल्या तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे तो पन्नास अंशांनी तापला की पाचव्या हिश्श्याने. चांगले अर्थिंग असलेल्या गाडीला एवढे सोसवते. चोकच्या केबलवर गुजराण करणाऱ्या गाडीला नाही. सकाळचे रेंगाळणे हे त्याच दोषाचे सौम्य रूप होते.

जंप केबलने काहीच फरक पडला नाही, तर मीटरची टोके सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांवर लावून चावी फिरवा. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर आतले संपर्क जळाले आहेत. तिथेही ठीक असेल, तर स्टार्टर पुन्हा उतरवून कार्बन ब्रश आणि बुश पाहावे लागतील.

पॉझिटिव्ह अर्थिंगचा या बिघाडाशी काडीचाही संबंध नाही. एमजीबी १९६७ पर्यंत तशीच बनत असे. ते उलटे करायचे, तर डायनामोला नव्याने ध्रुवता द्यावी लागते आणि रेव्ह काउंटरच्या (इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरच्या) आतली जोडणी बदलावी लागते. एवढे करूनही अर्थिंगच्या पट्टीखालचा रंग जागच्या जागीच राहील.