"पित्त झालंय" म्हणजे नेमकं काय, ते आधी विचार

प्रिय होतकरू फार्मासिस्टास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सकाळी कॉलेज, संध्याकाळी औषधांच्या काउंटरवर काम, रात्री इंग्रजी पुस्तकं. त्यात मराठी बोलणारा पेशंट आला की हातातलं टाकून तुलाच धावावं लागतं. "मला हे झेपेल का?" असं विचारलं आहेस. झेपेल. पण आत्ता चाललंय तसं चालू ठेवलंस तर नाही.

आधी भाषेबद्दल बोलते, कारण तुझी खरी दमछाक तिथे होते आहे असं मला वाटतं.

शिकत असताना मीही काउंटरवर अर्धवेळ काम करायचे. एकदा एक आजी आल्या आणि म्हणाल्या, "पित्त झालंय." मी लगेच फार्मासिस्टना इंग्रजीत सांगून टाकलं, अ‍ॅसिडिटी आहे. ते अँटासिड काढायला वळले, तेवढ्यात आजींनी बाही वर सारली. दंडभर लाल गांधी उठल्या होत्या. दोनच दिवसांपूर्वी त्यांना नवीन अँटिबायोटिक सुरू झालं होतं. फार्मासिस्टनी हातातली बाटली खाली ठेवली, श्वास घ्यायला त्रास होतोय का, ओठ सुजलेत का, हे विचारलं आणि त्यांना तडक डॉक्टरांकडे पाठवलं.

पित्त म्हणजे कुणासाठी छातीतली जळजळ, कुणासाठी उलटी झाल्यावर थांबणारी डोकेदुखी, कुणासाठी अंगावरच्या गांधी. दोन्ही भाषा येतात या भरवशावर मी "कुठे होतंय?" हा एवढासा प्रश्न गाळला होता. तो आजही मला टोचतो. म्हणून सांगते, शब्द ओळखीचा वाटला की तिथेच थांब आणि विचार.

उलट्या दिशेनेही, म्हणजे इंग्रजी लेबल वाचतानाही, घसरायला होतं. इंग्रजी 'वन्स' (once) म्हणजे एकदा. पण हेच स्पेलिंग स्पॅनिशमध्ये 'ओन्से' होतं, म्हणजे अकरा! औषधाच्या लेबलवर भाषांची अशी सरमिसळ किती महागात पडेल, ते बघ. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. असं औषध देताना नुसतं "कळलं ना?" विचारू नकोस, त्यावर सगळेच मान डोलावतात. "कोणत्या वारी घेणार, ते मला सांगा बरं," असं म्हण. आणि दुभाषा म्हणून उभं राहशील तेव्हा फार्मासिस्ट बोलले तेवढंच सांग. सल्ला त्यांचा, शब्द तुझे. तुला ठाऊक असलेलंही मधे घालू नकोस, अजून तुझ्याकडे परवाना नाही.

हे जोखमीचं काम आहे आणि त्याला वेळ लागतो. तरी ते फुकटात, धावताधावता करून घेतलं जातं, याचा मला राग येतो. गोळ्या मोजताना हाक आली तर "एवढं मोजून येते" असं स्पष्ट सांग. अर्ध्यात सोडलेली मोजणी हमखास चुकते. भाषांतर हा तुझ्या कामाचा भाग धरावा, त्या वेळात दुसरं काम अंगावर टाकू नये, हे मॅनेजरशी शांतपणे बोलून घे. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात परीक्षेच्या तारखा त्यांना लेखी दे. ऐनवेळी सुट्टी मागणाऱ्यापेक्षा दोन महिने आधी सांगणाऱ्याचं जास्त ऐकलं जातं.

आता अभ्यास. काम आणि अभ्यास, दोन्हींसाठी वेगळा वेळ तुला कधीच पुरणार नाही, म्हणून काउंटरच वहीत आण. रोज हातातून गेलेलं एक औषध निवड. समज, रामिप्रिल. नावाच्या शेवटी 'प्रिल' दिसलं की एसीई इनहिबिटर, म्हणजे शरीरातलं एसीई नावाचं एन्झाइम अडवणारं रक्तदाबाचं औषध. हेच एन्झाइम शरीरातल्या ब्रॅडीकायनिन नावाच्या पदार्थाचं विघटन करतं. ते अडवलं की ब्रॅडीकायनिन साचतं आणि काही जणांना कोरडा खोकला लागतो. हे आधी मराठीत, समोर पेशंट बसलाय असं समजून मोठ्याने सांग. मग तेच परीक्षेच्या इंग्रजीत चार ओळींत लिही. मराठीत अडखळलीस तर विषय कळलेला नाही, इंग्रजीत अडखळलीस तर फक्त शब्द कमी पडताहेत. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. तू सध्या दुसऱ्यासाठी पहिला उपाय करते आहेस, सगळा धडा पुन्हा पहिल्यापासून वाचते आहेस.

झोपेच्या बाबतीत मात्र मी ऐकून घेणार नाही. डॉसन आणि रीड या संशोधकांनी 1997 मध्ये दाखवलं की सलग 17 तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखी ढासळते. सकाळी सहाला उठत असशील, तर रात्री अकराला तू तिथे पोचलेली असतेस, आणि तुझी पाळी दहाला संपते! घरी आल्यावर नवीन धडा उघडू नकोस. त्या दिवसाचं एक औषध, पंधरा मिनिटं, आणि दिवा बंद.

एखाद्या दिवशी अभ्यास बुडेलच. डोस चुकला तर पुढचा दुप्पट घेऊ नका, असं तू पेशंटना सांगतेस ना? रविवारी चौदा तास बसून आठवडा भरून काढणंही सोड.

मॅनेजरशी या आठवड्यातच बोल. काय म्हणाले ते कळव, आणि वहीतलं पहिलं औषध कोणतं घेतलंस तेही.

तुझी,
सीनियर ताई